रेंजचा दगड

आबानोची खिंड ओलांडली आणि शेवटची दांडीही गेली.
ट्रकच्या हौद्यात पिठाची पोती, खडेमीठ,
एक आजारी कुत्रा, आणि मी.
तिब्लिसीत मी रोज नऊ तास
लोकांच्या थंड झालेल्या जेवणाची माफी मागते, टाइप करून.
‘क्षमस्व’ माझ्या अंगठ्याला पाठ आहे.
मी स्वतः कुणाची माफी मागितल्याला
वर्षं झाली असतील.

मामीने फोन बंद केला, जवाच्या डब्यात खुपसला,
वर झाकण, झाकणावर कोळशाची इस्त्री.
“आता पळत नाही,” म्हणाली.
फोनबद्दल की माझ्याबद्दल, ते कळलं नाही.

पहिले तीन दिवस मांडी थरथरायची.
रिकामा खिसा वाजायचा.
दगडी बुरुजामागून चंद्र वर आला की हात आपोआप हवेत,
कुणाला दाखवू, कुणाला दाखवू,
तोवर तो ढगात गेलेला.
रात्री डोळे मिटले तरी
पापण्यांच्या आतून काहीतरी वर वर सरकतच राहायचं.

चौथ्या दिवशी मी दीड तास चीज बांधत बसले
आणि तो दीड तासच होता.
त्याबद्दल एवढंच.
आणखी लांबवलं तर त्याचीही पोस्ट होईल.

नवव्या दिवशी ओतिया आला.
सत्तरी ओलांडलेला, अंगाला मेंढ्यांचा वास, टोपी हातात.
बोलत होता मामीशी, बघत होता माझ्याकडे.
त्याची म्झिया बारीला असते, इटलीत,
कुणा परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालते.
आणि ओतियाचा फोन नदी ओलांडताना पाण्यात गेला,
मे सरता सरता.
“तुझा चालतो म्हणे,” तो म्हणाला.
इतकं भीत भीत
माझ्याकडे कुणी कधी काही मागितलं नव्हतं.

मी जव उपसले.

रेंजचा दगड दोन तास वर आहे.
त्याच्याभोवती गवत उगवत नाही, इतक्या टाचा तिथे फिरल्यात.
कुणीतरी मेणबत्ती लावून गेलेलं.
खालच्या, देवाच्या दगडापाशी बाईमाणसाला जाता येत नाही.
या दगडावर येतं.

फोन सुरू झाला
आणि मुठीत धरलेल्या मधमाशीसारखा घुमत राहिला.
चारशे सहा.
एकही वाचला नाही म्हणणार होते;
खरं सांगते, तीन वाचले.
कुणाला तरी मी हवी होते, तातडीनं, गेल्या मंगळवारी.
तो मंगळवार माझ्यावाचून पार पडला होता.

मग नंबर लावून दिला.
ओतियानं फोन दोन्ही हातांत घेतला,
ओंजळीतलं पाणी सांडू नये तसा.
“जेवलीस?”
“ऊन आहे का तिकडे?”
“काळी मेंढी गेली. हो, तीच, कानफाटी.”
मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं कॉल तुटला, म्हणून उठून जवळ गेले.
तुटला नव्हता.
तो गप्प होता, पलीकडे तीही गप्प,
मिनिटं चालली होती, पैसे चालले होते,
आणि दोघांनाही घाई नव्हती.
मी परत माझ्या जागी जाऊन बसले, पाठ करून.
अशी शांतता मी आजवर कुणालाच पाठवलेली नाही.

उतरताना तो पुढे, मी मागे.
बॅटरी एकवीस टक्के.
फोन बंद करून मी त्याच्याच झोळीत टाकला, पावाशेजारी.
“पुढच्या रविवारी पुन्हा,” मी म्हटलं.
“रविवारी तिला सुट्टी नसते. आज चोरून बोलली.
गुरुवारी.”
“बरं, गुरुवारी.”
थोडं खाली आल्यावर मी विचारलं, आज वार कोणता?
ओतिया थांबला. बोटं मोजली. पुन्हा मोजली.
मग हसला, वरचे दात नसलेलं हसू,
आणि चालू लागला.

कळपाच्या कुत्र्यांनी त्याला ओळखलं.
मी कोण,
ते त्यांनी लांबूनच, जोरजोरात विचारलं.