पांढऱ्या सदऱ्यावरची रेघ

वैशाख. म्हसवे फाट्यावर सात दिवसांची मोहीम.
बॅरिकेड दोन, पावतीचं मशीन एक,
आणि मी, पोलीस नाईक सुपडू कोळी,
डोक्यावर कडुनिंबाची अर्धी सावली.

पहिल्या दिवशी पट्टा ओढला की धूळ निघायची,
गाडी घेतल्यापासूनची.
धुडकू पाटील, बेटावदचे, कापसाचे व्यापारी,
भाचीच्या लग्नाला निघालेले,
सदरा कडक इस्त्रीचा.
"पोटवर बसस नही भाऊ हाऊ पट्टा."
बसला.
खांद्यापासून कमरेपर्यंत मातकट रेघ उमटली,
जानवं घातल्यासारखी.
मशीनने टर्रकन पावती काढली.
त्यांनी पावतीकडे पाहिलंच नाही,
सदऱ्याकडे पाहत राहिले.

त्याच लग्नात रात्री मीही होतो, एरंडोलला, साध्या कपड्यांत.
वरण-बट्टीच्या पंगतीत रेघा मोजल्या: एकोणीस.
नवरदेवाचा मामा, फोटोवाला,
बँडच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा.
"तुलेबी धरं का रे?"
असं एकमेकांना विचारत
तूप वाढून घेत होते.

चौथ्या दिवशी लोक शहाणे झाले.
जुन्या जिनिंगच्या भिंतीपाशी सगळे पट्टे लागायचे,
पुढे पुलावर सुटायचे.
एकाने तर पारोळ्यातून खोटी क्लिप आणलेली,
गाडीचं तोंड बंद करायला.
साहेब म्हणाले, नाटकं आहेत.
असतील.
पण हात तिकडे जायला लागला होता,
न बघता,
जसा अंधारात घरच्या कडीकडे जातो.

सातव्या दिवशी पाटील परत.
पट्टा लावलेला, सदरा पांढराशुभ्र.
मी विचारलं, रेघ कुठे गेली?
"रोज लाईसन पट्टाच पुसाई गया."

संध्याकाळी बॅरिकेड टेम्पोत चढवले.
साहेबांना आकडा हवा होता.
पावत्या चारशे बारा, मी सांगितलं.
रेघांचं बोललो नाही,
त्यांचा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

मग आमच्या जीपमध्ये बसलो.
पट्टा सीटच्या फटीत,
शेंगांच्या टरफलांखाली.
ओढला. अडला. पुन्हा ओढला.
सात दिवसांत पहिल्यांदा.
छातीवर पाहिलं, काहीच नाही.
खाकीवर धूळ दिसत नाही,
मातीचाच रंग तो.

भिला ड्रायव्हर हसेल वाटलं होतं.
त्याने चावी फिरवायची थांबवली
आणि खांद्यामागे हात घालून
आपला पट्टा चाचपू लागला.