वजा अठरा टक्के

प्रस्तावात मी लिहिलं होतं : बेटावरचा समाज.
मे महिन्यात पोचलो, तर बेटच नव्हतं.
उजनी वजा अठरा टक्क्यांवर.
जेऊरला पॅसेंजरमधून उतरून, पुढं टमटमनं,
आणि मग भेगाळलेल्या गाळावरून
सहा पोरं चालत निघाली, बूट हातात घेऊन,
होडीचे पैसे वाचल्याची लाज वाटावी तशी.

वाटेत बुडालेलं गाव उघडं पडलेलं.
जोती. एक उखळ. शिंपल्यांनी भरलेली चूल.
प्रज्योत सरळ एका जोत्यावरून चालला
तर वाट दाखवणारा नऊ वर्षांचा पोरगा थांबला :
"भिंतीतनं नका जाऊ सर,
दार तिकडं हाय."
त्याच्या जन्माआधी तीस-पस्तीस वर्षं
ते दार पाण्यात गेलेलं.
आम्ही सातही जणं वळसा घालून दारातून गेलो.

तीन आठवडे मी वर्गात घसा कोरडा केला होता.
आधी वही उघडायची नाही.
तुमच्या समस्या काय, असं तर मुळीच विचारायचं नाही.
चहाला नको म्हणायचं नाही, कितीही गोड असो.
फळ्यावर काढून दाखवलं होतं :
त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई,
दोन रेघा म्हणजे लग्न,
तिरकी काट म्हणजे मेलेलं माणूस.
शेवटचं सगळ्यांना पटकन जमलं.

यसाबाई पतुले पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून
फाटलेलं सांधत होती.
तबस्सुमनं संमतीपत्र वाचलं, तिन्ही पानं,
"तुमची ओळख गुप्त ठेवली जाईल" इथपर्यंत.
"का गं? मी काय चोरी केलीय?
नाव लिव माझं.
धरणाच्या यादीत सासऱ्याचं नाव ऱ्हायलं,
तवापासनं आमच्यात नाव मोठ्यानं सांगत्यात."
तबस्सुमनं माझ्याकडं पाहिलं.
मी जाळ्याकडं पाहिलं.
म्हणून इथं नाव लिहिलंय.

मग प्रश्न तीच विचारू लागली.
कुठला रं तू? सोलापूर.
सोलापुरात कुठं? साखर पेठ.
बाप काय करतो?

इरेशनं पेन्सिल खाली ठेवली.
हजेरीपलीकडं ज्याचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता
तो सांगत राहिला :
मालकानं माग भंगारात घातले, किलोवर,
तेव्हापासून बाप झोपेत
तुटलेला धागा बांधतो. हवेत. दोन बोटांनी.
आई कन्नडमध्ये म्हणते, साकु, झाला बांधून, झोपा.

मी मध्ये पडायला हवं होतं.
माहिती देणारा कोण, घेणारा कोण,
यावर माझं एक अख्खं व्याख्यान आहे.

"कशी बांधतो? दाखव."
त्यानं जाळ्याचाच दोरा घेतला, गाठ मारली.
यसाबाईनं ती डोळ्यांपाशी नेली, ओढली, उलटी केली.
"हीच की," म्हणाली.
मग जरा वेळानं,
"पर ओली करून ओढायची. तुझ्या बापाला सांग."

प्रज्योतच्या रेकॉर्डरवर एवढंच आलं :
वारा, काठावरच्या मोटारी,
आणि कुणीतरी चिलापी तळल्याचा चर्र.

आता जुलै संपतोय. मी गुण देत बसलेय.
पाच अहवाल छापील, तक्ते, संदर्भसूची.
इरेशची वही तेवढी अजून मासळीसारखी वास मारते.
आत एकच पान. पतुल्यांचं घराणं, चार पिढ्या,
आणि अगदी खाली कोपऱ्यात
कुणालाच न जोडलेला एक त्रिकोण,
काट नसलेला.
तो कोण, मी विचारलेलं नाही.

वीसपैकी किती, रकाना रिकामाच आहे.
आजच्या पेपरात : उजनी अधिक चार.
म्हणजे वही परत दाखवायला न्यायची
तर आता होडी लागेल.