काट्यावर, रात्री

ट्रॅक्टर काट्यावर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
तिथवर ठीक.
पुढे ई-वे बिलाचं पान उघडायला घेतलं
की हा बसतो,
लग्नात जड जेवून ओट्यावर टेकलेल्या व्याह्यासारखा,
आणि कापसाची रांग सरकते मागे मागे
धरणगावच्या रेल्वे फाटकापर्यंत.

नवा घ्या म्हटलं, तर सुगनशेठ म्हणतात
काट्याची केबल नव्याला लागत नाही.
खरंच लागत नाही. नऊ दातांचं जुनं तोंड तिचं.

म्हणून तस्लीम आली, रात्री साडेनऊला,
सरकीची शेवटची गाडी निघून गेल्यावर,
एरंडोलहून, भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून.
पर्समध्ये गोलाणी मार्केटातला नऊशे रुपयांचा प्रोसेसर,
चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला.
"दोनाच्या जागी चार डोकी," म्हणाली. "पण नवा नाही हां, काका.
बँकेच्या भंगारातला. ह्याच्याच वयाचा.
ह्याच्याहून तरणा कुणी ह्या जागेत बसतच नाही."

डब्याची बाजू काढली.
आत पंखा नव्हता, गादी होती.
सोळा हंगामांची रुई, पापुद्र्यावर पापुद्रा,
करडी, घट्ट, कोपऱ्यात पालीचं एक अंडं.
ज्यांचा ज्यांचा कापूस मोजला
त्यांचं चिमूट चिमूट ह्याने ठेवून घेतलं होतं.
शेठची कटती वेगळी, ह्याची वेगळी.

तस्लीमने दोन बोटांनी ती ओढली, सलग,
ट्यूबच्या उजेडात धरली.
"आमचे दादा पिंजायचे. गावोगाव.
तातीचा आवाज आला की बाया गाद्या घेऊन बाहेर.
आणि बघा, पिंजाऱ्याची पोर कुठली रुई काढतेय."
पेपरवेटखाली ठेवली तिने ती, पावत्यांच्या शेजारी.

मग बोलणं बंद.
जुना लेप सुकून चुन्यासारखा झालेला,
स्पिरिटचा बोळा फिरवून पुसला.
दांडी उचलली. सोन्याच्या टाचण्यांचं शेत,
त्यावर श्वाससुद्धा टाकू नका म्हणाली,
मी तंबाखू तोंडात तशीच धरून उभा.
कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाला लावला.
नवा लेप, ज्वारीच्या दाण्याएवढा,
"जास्त लावला की ऊन धरतो."
पंख्याचे चार खिळे, तिरपे समोरासमोर,
टक. टक. टक.
चौथा दोनदा दाबावा लागला.

बटण.
एक लांब शिट्टी, दोन आखूड.
मी देवाचं नाव घेतलं, तिने शाळेतलं खोडरबर काढलं,
मेमरीची पट्टी घासली, पोरं पाटी घासतात तशी,
पुन्हा बसवली.
पडदा काळा. काळा. काळा.
मग कोपऱ्यात पांढरी अक्षरं, आणि चार.
चार दिसले मला. मोजले मी.

ट्रॉलीतल्या कापसावर झोपलेला सोनवदचा हिंमत
हॉर्न न वाजवता उठून आला, काटा चालू झाल्याचं
त्याला कसं कळलं कुणास ठाऊक.
पान उघडलं. पाणी प्यायला वळेपर्यंत उघडलं.
पावती छापली गेली.
हिंमतने ती दिव्याखाली वाचली, परत वाचली.
"भाऊ, एक जानेवारी दोन हजार नऊ?
तव्हळ ते मन्हं लगीन बी नव्हतं व्हयेल!"

बॅटरी काढली होती, घड्याळ जन्मदिवसावर गेलेलं.
वजन बरोबर होतं, किलोला किलो.
दुसरी पावती दिली,
पहिली त्याने खिशातच ठेवली, बायकोला दाखवीन म्हणाला.

तस्लीमने जुना प्रोसेसर माझ्या हातावर ठेवला,
चांदीचा कागद मात्र घडी करून परत घेतला.
तीनशे मजुरी. पन्नास मी वर दिले, ते टेबलावरच राहिले.
निघताना पेपरवेट उचलला.
"ही नेऊ का? दादांना आता दिसत नाही,
पण रुई चिमटीत धरली की गाव सांगतात."

मोटारसायकल फाटक ओलांडून गेली.
मी अजून विचार करतोय,
म्हातारा कुठलं गाव सांगेल.