साक्षीचं झाड

खोगीरवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर माझी खोली.
दारावर पाटी: जोथम क्रेल, वकील.
रंगाऱ्याचा अंदाज चुकला,
शेवटचं अक्षर फळीच्या कडेला अंग चोरून उभं.
एरवी त्या हिवाळ्यात
माझ्या नावाकडे कोणी पाहिलंच नाही.

पुस्तक एकच. तेही दुसरा खंड.
पहिला लिकिंग नदीत गेला, तराफा उलटला तेव्हा.
त्यामुळे कायदा मला मधूनच माहीत,
भांडणात उशिरा पोचलेल्या शेजाऱ्यासारखा.
फी म्हणून मिळालं ते
अर्धं पोतं मका, चरबीच्या मेणबत्त्या,
आणि एक कोंबडी, निकालाआधीच मेलेली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायरीच नव्हती.
खाणावळीतलं उपडं पिंप हे न्यायासन,
आणि टॅलमनसाहेब बोलायला लागले
की स्वयंपाकीण मागं पातेली आपटायची.

केंटकीत तेव्हा एकेका जमिनीला तीन तीन मालक,
आणि तिघांकडेही कागद.
मेहिटेबल ऑर हिच्या कागदावर लिहिलं होतं:
हद्द, ओढ्याकाठचा पांढरा ओक,
कुऱ्हाडीच्या तीन खाचा, वसंत, सतराशे एकोणऐंशी.
पलीकडचा लायमन गिडिंग्ज म्हणाला,
खाचा मागाहून मारल्यात. झाडालाच विचारा.

मग अख्खं कोर्ट चिखलातून ओढ्यावर गेलं.
लाकूडतोड्यानं खाचेवर चढलेलं लाकूड कापलं,
ठोकळा माझ्या हातात दिला, ओला, थंड.
जखमेवर झाड दर साली एक वलय चढवतं.
एकोणीस हवी होती.

मी सुईच्या टोकानं मोजली.
पुन्हा मोजली, उलट्या बाजूनं,
जणू त्या बाजूला झाडाचं मत वेगळं असेल.
टॅलमनसाहेबांना हाताएवढ्या अंतरावरचंही दिसत नसे.
गिडिंग्जचा वकील शेकोटीपाशी तपकीर ओढत होता.
“किती, मिस्टर क्रेल?”
माझ्या जिभेवर एकोणीस आले होते.
खरंच आले होते. अजून त्यांची चव आठवते.

“चौदा,” मी म्हणालो.

ओढ्याचा आवाज तेवढा राहिला.
मेहिटेबलनं बोटांवर हिशेब केला,
आणि कोणालाच उद्देशून नाही अशी बोलली,
“चौदा. म्हणजे आमचा धाकटा तापानं गेला ते साल.
एनॉक त्या रात्री कुऱ्हाड घेऊन बाहेर पडला होता.
मला वाटलं, सरपण आणायला.”

ओढ्याकाठची सात एकर गेली.
मी काय बोलणार? पहिल्या खंडात असेल काही.

चार दिवसांनी ती जिना चढून आली.
पाऊल हलकं, तरी प्रत्येक पायरी कुरकुरली.
टेबलावर बूट ठेवले, चरबीनं घासलेले, नव्या तळव्यांचे.
“फी. एनॉकचे आहेत.”
मी नको म्हणालो, दोनदा.
“हरलेल्याचं काही घ्यायचं नाही, असं कुठं लिहिलंय?”
तिनं माझ्या फाटक्या टाचांकडे पाहिलं,
मग खिडकीबाहेर.
बूट मोठे होते. पुढं मक्याची सालं कोंबली.

पेरण्या उरकल्या तसा गिडिंग्ज आला.
उत्तरेकडच्या कुरणावरून नवा वाद, नवा शेजारी.
“मला असा वकील हवा,” तो म्हणाला,
“ज्याचा आकडा कोर्ट पुन्हा मोजत नाही.”
टेबलावर सहा स्पॅनिश डॉलर मांडले, एकावर एक.
वर्षभरात चांदी पहिल्यांदाच या खोलीत वाजली.
खालून कातड्याचा वास येत होता,
भाडं तीन महिन्यांचं थकलेलं होतं.

मी नाणी मोजली. बरोबर सहा.
आणि त्याला बसा म्हणताना
टेबलाखाली पाय मागं ओढून घेतले.