नदीचे आत्मवृत्त

फाहाहीलमध्ये शुक्रवारी सकाळी
रस्ते झोपलेले असतात, मी नसते.
जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड पुसून
तीन वह्या मांडते :
एक शर्वाणीची, एक कणादची,
एक चौथ्या मजल्यावरच्या नोयलची,
ज्याला मराठी येत नाही
पण घरी एकटं बसायचं नसतं.

मी कोणी शिक्षिका नाही. भुसावळच्या पतपेढीत
नऊ वर्षं व्याजाचे तक्ते केले.
पण शाळेतले निबंध अजून तोंडपाठ,
म्हणून पहिल्या शुक्रवारी, फळा नव्हता तर
फ्रिजवर कागद चिकटवून लिहिलं :
नदीचे आत्मवृत्त.

"कुठल्या नदीचं?" कणाद म्हणाला.
साडेसहा वर्षांचा. जन्म इथला.
या देशात एकही नदी नाही
हे माझ्याआधी त्याला सुचलं.

मी म्हटलं, कुठलीही घे. कल्पना कर,
ती डोंगरातून येते, खळखळ करते, शेतांना पाणी देते.
शर्वाणीनं ते तसंच उतरवून घेतलं,
खळखळीसकट, सुवाच्य.
नोयलनं एक निळी रेघ काढली
आणि ती पानाबाहेर, मेणकापडावर नेली.
कणाद बाल्कनीच्या काचेला नाक लावून
बराच वेळ उभा.
मग आला, लिहिलं :

मी एसीची नदी आहे.
मी भिंतितून येते. टप टप करते.
मी बादलित राहते.
मला समूद्र माहित आहे पण तो मला ओळखत नाही.

मी लाल पेन उचललं.
ती दीर्घ. ली दीर्घ. मु ऱ्हस्व. ही दीर्घ.
चार ओळी, चार गोल.
शेवटचं वाक्य मी वाचलंच नाही.
खरं सांगते. तपासलं.

पुढचे तीन शुक्रवार तो लिहीत राहिला :
मी नदी आहे. मी खळखळ करते. मी शेतांना पाणी देते.
एकही चूक नाही.
पेन उघडं धरून मी पानभर फिरले,
कुठे टेकवावं कळेना.

चौथ्या शुक्रवारी तोझ उठलं,
इथे धुळीच्या वादळाला तोझ म्हणतात.
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले.
साडेदहालाच उजेड उकळलेल्या चहासारखा.
लाल पेन रव्याच्या डब्यात पुरलं
आणि म्हटलं, आज मी लिहिते, तुम्ही तपासा.

आमचे घर छान आहे.
आम्ही सगळे आनंदात असतो.

शर्वाणीनं 'छान'खाली रेघ मारली : "म्हणजे कसं?"
नोयलला अर्थ सांगावा लागला,
मग त्यानं विचारलं, यात अंकल कुठेत?
कणाद म्हणाला,
"हे तू फोनवर मामाला सांगतेस, ते आहे."

मी खोडलं.
तीन डोकी माझ्या वहीवर, केसांना धुळीचा वास.
पतपेढीच्या साहेबांपुढेसुद्धा
हात असा कधी अडला नव्हता.
मग लिहिलं :

रिफायनरीतून रात्रपाळी करून आलेला माणूस
आतल्या खोलीत झोपला आहे.
त्याच्यासाठी आम्ही हळू आवाजात हसतो.

कुणीच काही म्हणालं नाही.
कणादनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं,
माझ्याच ओळींखाली लिहिलं :

बाबा रात्री आगीला जागं ठेवायला जातात.
दीवसा त्यांची झोप आम्ही राखतो.

दी दीर्घ आहे. दिसतंय मला.
आजचा दिवस असू दे दीर्घ.

तेवढ्यात बाल्कनीकडे बोट करून
नोयल ओरडला,
महिनाभरात उचललेले त्याचे पहिले दोन मराठी शब्द :
"नदी आली!"
बादली भरून पाणी उंबऱ्याखालून आत येत होतं,
धुळीनं लाल, खरंच नदीसारखं.

"हळू," आम्ही तिघं एकदम म्हणालो.
आतल्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज.
पोछा कुठे ठेवलाय, मी खुणेनं विचारलं.