शेरा

दहा वाजून पाच. माहुलच्या खाजणात पूर्ण ओहोटी.
निर्गम क्रमांक दोनच्या तोंडाशी मी वाकते,
बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळते,
काठोकाठ भरते, बुडबुडा राहू न देता.
काचेचं बूच. चिठ्ठी. वेळ. सही.
तेलाची बाटली मात्र विसळायची नसते,
तेल काचेला चिकटतं,
आणि चिकटलेलं मोजायचं राहून जातं.

प्लांटचे समेळ छत्री धरून उभे :
"मॅडम, तीर्थ आहे हो, तीर्थ."
पाणी खरंच नितळ आहे. थंड आहे.
नाकाशी नेलं तर क्लोरिनचा वास,
आमच्या मोरीतल्या पिंपासारखा.
भिंतीआड कुठेतरी नळ सोडलेला ऐकू येतो.

संमतीपत्रात लिहिलंय :
बीओडी तीस, सीओडी अडीचशे, तेल-ग्रीस दहा.
लिटरमागे किती मिलिग्रॅम, ते लिहिलंय.
त्या लिटरात नळाचं किती, ते नाही.

चिखलात निवट्या काढणारी हिराबाय
मान वर न करता म्हणाली,
"रातचा पानी बगाला ये गो.
निवट्यांना घड्याल कलत नाय."

मग तीन दिवस बाटल्या अंधारात, सत्तावीस अंशांवर.
पाण्यात जे जिवंत आहे
ते पाण्यातला श्वास खात राहतं.
मी उरलेला श्वास मोजते,
आधीच्यातून वजा करते.
उत्तर अकरा.
अकरा म्हणजे पास.

क्रोमियम सापडत नाही.
नवा मुलगा तन्वीर विचारतो, शून्य टाकू?
शून्य आपल्याला दिसत नाही रे,
दिसतं ते इतकंच
की आपल्या यंत्राची नजर कुठे संपते.
'पेक्षा कमी' लिही, आणि पुढे आकडा.

अहवालाचा शेवटचा रकाना शेऱ्याचा,
दोन बोटं रुंद.
चौदा वर्षं मी तिथे 'निरंक' लिहीत आले,
सुबक अक्षरात.
आज लिहिलं :
नमुना घेताना नळ चालू होता.

टायपिस्ट परुळेकरबाई चष्मा वर करतात,
"याचं एकक काय घालू?"

बर्फाची पेटी धुऊन ठेवलीय.
रात्रीच्या नमुन्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर,
पेपरवेटखाली.
ओहोटी पावणेदोनला.