राखीव

आमच्या गावात साधं असायला जागा नाही.
रस्सा भारी, चप्पल भारी, म्हैस भारी,
शिवीसुद्धा अशी, की खाणाऱ्यानं वाहवा करावी.
रिक्षांच्या पाठीवर लिहिलेलंच असतं : जगात भारी.
अशा गावात मी
तीन हंगाम राखीव गोलकीपर होतो.

जर्सी सोळा नंबरची, धुवायला कधी पडली नाही.
मध्यंतराला लिंबं कापायची, बिया काढायच्या,
कुणाचा बूट फाटला तर माझा काढून द्यायचा.
आमचा पहिला गोलकीपर पृथ्वीराज
तीन वर्षांत एकदा शिंकला नाही.
मंगळवारी अंबाबाईला जाऊन मी सांगायचो,
फार काही नको त्याला,
नुसता घोटा. एक आठवडा.
आईनं ऐकलं नाही.
बरं झालं, हे म्हणायला मला वीस वर्षं लागली,
आणि काही दिवशी अजूनही म्हणत नाही.

एकदा उतरलो होतो.
शेवटची अकरा मिनिटं, आम्ही चार-शून्यनं पुढं.
गॅलरी निम्मी उठून भेळेच्या गाडीकडं निघालेली.
अकरा मिनिटांत चेंडू माझ्याकडं आलाच नाही.
मी खांबाला हात लावून बघितला,
ताजा चुना, पंजाभर निघाला.
रात्री तसाच जेवायला बसलो
तर आई म्हणाली, हात धू मेल्या, आमटीत उतरतोय.

वडील म्हणायचे, शशा नाव काढणार.
नाव निघालं उद्यमनगरात, पगाराच्या कागदावर,
तेही शशिकांतचं श्रीकांत करून.
दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.
पैसे बरोबर येत होते.

लेथवर मी बुश काढतो. पंपाच्या.
पाळीला एकशेचाळीस.
त्यातली एखादी, का कुणास ठाऊक,
जरा जास्तच देखणी उतरते.
ती क्षणभर तळहातावर ठेवतो, गरम असते.
मग पेटीत टाकतो.
पेटीत गेल्यावर ती मलाही ओळखू येत नाही.
कुठल्या तरी मळ्यात, कुठल्या तरी विहिरीवर
ती फिरत असणार,
आणि पाणी चढलं तर
लोक पाण्याकडं बघणार ना!

परवा तालमीला रंग काढला.
भिंतीवरचे फोटो उतरवून सतरंजीवर मांडले होते.
त्यात आमचा, चषकाचा. पृथ्वीराज मधोमध,
मास्तर खुर्चीत, आणि अगदी कडेला
चौकटीनं निम्मा कापलेला एक खांदा,
एक कान, सोळामधला एक.
मिसरूड फुटलेला एक पोरगा पुसत होता फडक्यानं.
म्हणाला, काका, ह्यो कोण वो, अर्धा?
मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हटलं, आसंल की कोणतरी.

वाटलं होतं, आत काहीतरी तुटेल.
फक्त भूक लागल्याचं जाणवलं.
आणि जरा हसू आलं, ते मी तंबाखूच्या निमित्तानं
दाराकडं तोंड करून संपवलं.
बाहेर गंगावेशीकडं म्हशी निघाल्या होत्या,
शिंगांना रंग, गळ्यात घंटा, ऐटीत,
आणि मागं एक बिनरंगाची, कास भरलेली,
रस्ता आपला आहे की नाही
याचा विचार न करता चाललेली.
तिला बघत किती वेळ उभा होतो, माहीत नाही.
वैजयंताचा फोन आला : दूध आणताय ना?

निघणार तेवढ्यात
तो पोरगा शिडीवर चढला,
फोटो काखेत, खिळा दातांत.
जुनी बांबूची शिडी, एका पायाला फळकूट लावलेलं.
काका, जरा धरा की.
धरली.
वरनं चुन्याचा बुरा केसांत पडत राहिला.
सरळ हाय का बघा, तो म्हणाला.
मी मान वर करून बघितलं.
कडेला थोडा कललाय, म्हटलं,
पण राहू दे.
तू उतर सावकाश. मी हाय.